बीपीच्या गोळ्या नेताय? मशीन घेताय? मग हे घरी नेऊन वाचा

नमस्कार मंडळी. बीपीच्या गोळ्या न्यायला येणाऱ्यांना आम्ही काउंटरवर जे तोंडी सांगतो ते बाजाराच्या दिवशी गर्दीत अर्धं राहून जातं, म्हणून शेवटी छापूनच काढलं. घरात गोळ्यांचं जो बघतो त्याला हा कागद द्या, बऱ्याच घरांत ती सून असते नाहीतर मुंबईहून फोनवर विचारणारा मुलगा.

आधी आकडे. वरचा आकडा हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा, खालचा ते सैल पडतं तेव्हाचा. 120/80 च्या खाली असेल तर छानच. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून 140/90 किंवा त्याच्या वर येत राहिलं की डॉक्टर हाय बीपी धरतात, घरच्या मशीनवर हीच रेषा 135/85 ला असते कारण घरी माणूस जरा निवांत असतो. "मला कायच होत नाय, मग बीपी कसलं" हे आम्ही रोज ऐकतो, पण यात बहुतेकांना काहीच होत नसतं हो, ना डोकं दुखत ना चक्कर येत, आणि आत मेंदू, हृदय, किडनी, डोळ्याचा पडदा सगळ्यांवर ताण पडत राहतो.

आता मशीन. मनगटाचं स्वस्त वाटलं तरी दंडाचंच घ्या आणि पट्टा दंडाच्या मापाचा बघून घ्या, जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी उगाच जास्त दाखवतं. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नको, विडी-तंबाखू-मिश्री नको, लघवीला जाऊन या, मग पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, शर्टावरून नाही. आणि मोजताना बोलायचं नाही, टीव्हीवर मॅच चालू असेल तर तीही बंद. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पहिल्यांदा दोन्ही हातांवर बघा, ज्या हातावर जास्त येतं तोच हात पुढे कायम धरा. डॉक्टरांना दाखवायचं असेल तर सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा, सकाळचं गोळी घ्यायच्या आधीचं, आणि पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. स्टँडवरून चढ चढून धापा टाकत दुकानात येऊन "जरा बीपी बघ रे" म्हणाल तर आम्ही बघू, पण त्या आकड्यावर गोळी वाढवायची की कमी करायची हे आम्ही सांगणार नाही आणि तुम्हीही ठरवू नका.

मीठ हा आपल्या किनाऱ्यावरचा नाजूक विषय. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं धरून चहाचा एक लहान चमचा. जेवणात वरून मीठ घेत नाही म्हणून लोक खूश असतात, पण खारा बांगडा, सुकट, सोडे, पापड, सांडगी मिरची, लोणचं, खारातली कैरी हे सगळं मीठच आहे, सोलकढीसाठी बाटलीतलं आगळ आणता त्यातसुद्धा मीठ असतं, तेव्हा ते घातल्यावर परत मीठ घालायच्या आधी चाखून बघा. ताजी मासळी खुशाल खा, ताज्या बांगड्याचं आणि बीपीचं काही भांडण नाही, फक्त रोज तळून नको. पावसात ताजी मिळत नाही आणि जून-जुलैत बोटी बंद, तेव्हा सुक्यावर भर येतो हे आम्हालाही कळतं, आम्हीही तेच खातो. सुकी मासळी भिजत घालून दोन-तीन पाण्यांतून काढली तर बरंच मीठ जातं, सगळं जात नाही. पेजेबरोबर लोणच्याची फोड असेल तर पेजेत वेगळं मीठ कशाला.

कमी सोडियमचं मीठ मागायला लोक येतात. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं. किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यातली गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका, रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रोज शहाळं पिणाऱ्या किडनीच्या पेशंटनीही हेच लक्षात ठेवायचं.

गोळ्यांचं आता नीट वाचा. आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणारे खूप आहेत, अहो तो गोळीमुळेच आलाय. ॲटेनोलॉलसारखी गोळी एकदम सोडणं तर धोक्याचंच. एखादी गोळी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. ॲम्लोडिपिनने काहींच्या पायाला सूज येते, रॅमिप्रिल-एनालाप्रिलने कोरडा खोकला येतो, असं झालं तर डॉक्टर गोळी बदलून देतात, खोकल्याचं औषध पीत बसू नका. दिवस राहिलेत किंवा राहायचा विचार आहे तर टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या जातीच्या गोळ्या चालत नाहीत, लगेच डॉक्टरांना सांगा. टेल्मिसार्टन आपल्या दमट हवेत ओलावा धरते, आठवड्याच्या गोळ्या सोलून डबीत भरून ठेवायची सवय असेल तर ही तेवढी पाकिटातच राहू द्या. बोटीवर जाणाऱ्यांनी परत यायच्या दिवसापेक्षा चार जास्तच न्या, आणि स्ट्रिपा प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात.

लावणीच्या दिवसांत कंबरदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन मागायला रांग लागते. या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि बीपीच्या गोळीचा असर कमी होतो, किडनीलाही बऱ्या नव्हेत. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्या आणि पाण्यात फसफसणारी गॅसची पुडी यांचंही तेच, पुडीत सोडियम असतं. तेव्हा काही मागताना "मला बीपी आहे" एवढं आधी सांगा. आणि बीपीची गोळी चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणून रागावू नका, तो कायदा आहे, आमचा हट्ट नाही.

खर्चाचं म्हणाल तर आमच्या धंद्याच्या विरुद्ध असलं तरी सांगतो, सरकारी आरोग्य केंद्रात बीपीची तपासणी होते आणि गोळ्या फुकट मिळतात. केंद्राने राज्यांबरोबर बीपी नियंत्रणाचा जो कार्यक्रम सुरू केला त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले जे मोजके जिल्हे घेतले त्यात आपला सिंधुदुर्ग होता. तिथून घ्या नाहीतर आमच्याकडून, महिना चुकवू नका म्हणजे झालं.

180/120 च्या वर दिसलं तर घाबरून पळापळ करू नका, पाच मिनिटं बसून परत मोजा. तेवढंच राहिलं आणि बाकी काही त्रास नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पण छातीत दुखतंय, दम लागतोय, तोंड एका बाजूला वाकडं झालंय, एक हात उचलत नाही, बोबडं बोलतायत, अचानक दिसेनासं झालंय, यातलं काहीही असेल तर आकडा कितीही असो, 108 ला फोन करा. लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि आपल्याकडून मोठ्या हॉस्पिटलला पोचायला घाटरस्त्यात किती वेळ जातो ते तुम्हाला सांगायला नको, म्हणून त्रास कधी सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी पेशंटच्या खिशात घाला.