नॅनोतंतू पटल (आसंजनरोधक)

शस्त्रक्रियेनंतर लगतचे अवयव एकमेकांना चिकटू नयेत (म्हणजे आसंजन होऊ नये) आणि इजा झालेली ऊती नीट भरून यावी, यासाठी जखमेवर अंथरण्यात येणारे अतिसूक्ष्म तंतूंचे, बहुधा शरीरात विरघळणारे पातळ आवरण. काटेकोरपणे १०० नॅनोमीटरहून बारीक तंतूच या संज्ञेत बसतात; व्यवहारात मात्र एक मायक्रोमीटरपर्यंतचे तंतूही त्यात धरले जातात.

उदरपोकळीचे अस्तर खरवडले गेले किंवा कोरडे पडले की काही तासांतच तेथे फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे जाळे साचते. ते विरघळवणारी शरीराची यंत्रणा शाबूत असल्यास जाळे नाहीसे होते आणि सुमारे पाच ते सात दिवसांत नवे अस्तर धरते. ती मंदावल्यास जाळ्यात तंतुजनक पेशी शिरून कोलॅजन हे चिवट तंतुमय प्रथिन तयार करतात व आतडे पोटाच्या भिंतीला जखडले जाते. आतड्यातील अडथळा, जुनाट वेदना आणि स्त्रियांमधील वंध्यत्व हे त्याचे परिणाम होत. पुन्हा पोट उघडावे लागल्यास ही चिकटलेली आतडी सोडवताना त्यांना छिद्र पडण्याचा धोका असतो.

हे तंतू मुख्यतः विद्युत्-कताईने काढतात. बहुवारिकाचे (पॉलिमरचे) द्रावण सुईतून हळूहळू सोडून तिला सुमारे १० ते ३० किलोव्होल्ट विद्युत्‌दाब दिला की टोकावरचा थेंब शंकूसारखा ताणला जातो. त्यातून निघालेली धार चाबकासारखी वळवळत बारीक होते, द्रावक उडून जातो आणि समोरच्या धातूच्या पत्र्यावर तंतू साचतात. या पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काहीजण तो विल्यम गिल्बर्टच्या १६०० मधील निरीक्षणापर्यंत नेतात. पण विद्युत्‌भारित अंबराजवळ (अश्मीभूत राळेजवळ) पाण्याचा थेंब शंकूच्या आकाराचा होतो एवढेच त्याने नोंदवले होते, तंतू काढला नव्हता. चार्ल्स व्हर्नन बॉइझने १८८७ मध्ये विजेच्या साहाय्याने तंतू ओढल्याचे वर्णन केले, म्हणून तंतूंपुरता आरंभ त्याच्यापाशी मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कूली व मॉर्टन यांची एकस्वे (पेटंट) विसाव्या शतकाच्या आरंभीची आहेत, तर कापडउद्योगाच्या दृष्टीने आंटोन फोर्महाल्सची १९३४ पासूनची एकस्वे महत्त्वाची ठरली. शंकूचे गणित जेफ्री टेलरने १९६४ मध्ये मांडले. त्याचा अर्धकोन ४९·३ अंश येतो. ‘इलेक्ट्रोस्पिनिंग’ हे नाव रूढ झाले ते १९९० नंतरच्या दशकात, डॅरेल रेनेकर प्रभृतींच्या कामामुळे.

आसंजनरोधक म्हणून आधीपासून वापरात असलेले हायलुरोनिक आम्ल व कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज यांचे पटल वाळलेले असताना ठिसूळ असते आणि ओल्या हातमोज्याला चिकटते. नॅनोतंतू पटल लवचीक असून त्याची छिद्रे पेशींना अडवण्याइतकी लहान ठेवता येतात, तरीही त्यांतून द्रव व पोषकद्रव्ये जाऊ शकतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झाँग व सहकाऱ्यांच्या अभ्यासात सेफॉक्सिटिन हे प्रतिजैविक घातलेल्या पॉलिलॅक्टाइड-ग्लायकोलाइड या विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या पटलांमुळे उंदरांमधील आसंजने कमी झाली.

खरी अडचण मात्र तंतूंच्या रचनेतच आहे. कोलॅजनच्या नैसर्गिक जाळ्याशी साधर्म्य असल्याने पेशी तंतूंना धरून वाढतात; जखम भरण्यास हे उपकारक, आसंजन रोखण्यास घातक. म्हणून पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखे जलस्नेही घटक मिसळतात किंवा दुपदरी पटल करून एका बाजूस ऊतीला धरणारा आणि दुसऱ्या बाजूस निसरडा थर ठेवतात. विघटनाचा वेगही निवडावा लागतो : पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे बहुवारिक विरघळण्यास दोन वर्षांहून अधिक काळ घेऊ शकते, तर आसंजन रोखण्याचा निर्णायक काळ पहिल्या आठवड्याचा असतो. बाह्य जखमांसाठी अशी उत्पादने बाजारात आली आहेत. उदरपोकळीबाबतचा पुरावा बहुतांशी प्राण्यांवरील प्रयोगांचा आहे. पटलात द्रावकाचा अंश राहू न देणे आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करताना बहुवारिकाच्या साखळ्या तुटू न देणे, या बाबींना उत्पादनात विशेष जपावे लागते.