अमेरिकी नागरिकत्वाचा जुना अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि रंगाचा रकाना

ग्रीन कार्डच्या रांगेत ताटकळणाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वीचा हा अर्ज एकदा बघावा. कागद मोजके, फी किरकोळ. घोडं अडायचं ते पात्रतेवर.

पात्रता: 1790 च्या पहिल्या कायद्यानुसार अर्जदार 'मुक्त गोरी व्यक्ती' असावा, दोन वर्षांचा रहिवास, चांगली वर्तणूक आणि राज्यघटनेच्या निष्ठेची शपथ. बस्स. 1795 मध्ये रहिवास पाच वर्षांवर गेला. 1870 मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना दार उघडलं, 1882 मध्ये चिन्यांना नाव घेऊन बाद केलं. भारतीयांचा उल्लेखच नव्हता, म्हणून आपण 'गोरे' की नाही हे समोर बसलेला न्यायाधीश ठरवायचा.

प्रक्रिया (1906 पासून): आधी कोर्टाच्या क्लार्ककडे इरादापत्र, म्हणजे नागरिक व्हायचा इरादा लिहून देणं, फी 1 डॉलर. त्यात उंची, वजन, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग आणि सगळ्यात आधी तुमचा स्वतःचा रंग. किमान दोन वर्षं थांबायचं, पण सातच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. मग मुख्य अर्ज, 4 डॉलर. सोबत पाच वर्षांचा रहिवास शपथेवर सांगणारे दोन नागरिक साक्षीदार, आणि 1906 च्या जूननंतर आला असाल तर आगमनाचा दाखला. इंग्रजी बोलता यायला हवं. मी अराजकवादी नाही, बहुपत्नीक नाही, हेही लिहून द्यायचं. अर्जानंतर किमान 90 दिवसांनी सुनावणी. शेवटी आपल्या राजाचं नाव घेऊन त्याची निष्ठा सोडायची. पंचम जॉर्जला सोडणं आपल्या लोकांना फार जड गेलं नसावं!

मिळालेला नागरिकत्वाचा दाखला टिकायचा का? इथे सखाराम गणेश पंडित आठवतात. 1914 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ते नागरिक झाले, पुढे वकीलही. नागरिकत्वासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेले शीख भगतसिंग थिंड यांची बाजू तिथे त्यांनीच मांडली. तीनच महिने आधी, जपानी अर्जदार ओझावांना नागरिकत्व नाकारताना, कोर्टाने गोरा म्हणजे कॉकेशियन (तेव्हाच्या मानववंशशास्त्रातला एक वंशगट) असं म्हटलं होतं. थिंड म्हणाले, मानववंशशास्त्र आम्हाला कॉकेशियनच म्हणतं. तर 19 फेब्रुवारी 1923 ला, ओझावांचाही निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सदरलँड यांनी थिंडना नाकारत निकालात लिहिलं की अर्थ शास्त्राचा नव्हे, सामान्य माणसाच्या समजुतीचा धरायचा. ही सरळ कोलांटउडी होती.

मग सरकार भारतीयांना दिलेले दाखले रद्द करत सुटलं. पंडितांवरही दावा झाला. 1914 चा निकाल सरकारसमोरच लागला होता, तो आता उकरता येणार नाही, हे 1926 मध्ये अपील कोर्टाने मान्य केलं आणि त्यांचा दाखला बचावला. अनेकांचा तोवर गेला होता.

नियम कधी बदलला? भारतीयांसाठी 1946 मध्ये, वर्षाला 100 जणांच्या स्थलांतर-कोट्यासह. वंशाची अट सगळ्यांसाठी गेली ती 1952 मध्ये. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. 1918 मध्ये मिळालेलं नागरिकत्व चार दिवसांत गेलं, 1920 चं सुप्रीम कोर्टाच्या निकालाने गेलं. 1936 मध्ये माजी सैनिकांसाठीच्या कायद्याखाली त्यांना ते तिसऱ्यांदा मिळालं.