हर्णैचं गणित, जयगडचं गणित

"मी एकट्याने मोठ्या आसाचं जाळं लावून काय होणार, सर? जयगडवाला बारीकच लावणार." हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावात तळहाताहून लहान पापलेटांची टोपली ओतली गेली, तेव्हा एक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, मला हे म्हणाला. आस म्हणजे जाळ्याचं भोक; ते बारीक असलं की पिल्लंही अडकतात. युक्तिवाद इतका बिनतोड वाटतो, की करणाऱ्याला दोष देववत नाही. तरी तो अपुरा आहे, आणि कुठे अपुरा आहे हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

समजुतीपुरते आकडे घेऊ. एक होडी हर्णैची, एक जयगडची, दोघी गुहागरसमोरच्या पाण्यात जाणाऱ्या. दोघांनी मोठा आस लावला तर पिल्लं वाढतात आणि हंगामाअखेर प्रत्येकी 3 लाख मिळतात. दोघांनी बारीक लावला तर प्रत्येकी 1. एकानेच बारीक लावला तर त्याला 5, दुसऱ्याला शून्य. कोणी कोणतं जाळं भरलं, हे दुसऱ्याला कळत नाही. समोरच्याने काहीही केलं तरी बारीक आसच फायद्याचा: 3 ऐवजी 5, शून्याऐवजी 1. असा पेच 1950 साली अमेरिकेतल्या रँड संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी मांडला. पुढे तो 'कैद्यांचा पेच' म्हणून प्रसिद्ध झाला.

आता भरतीकडे या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हे किनाऱ्यावर जुन्या माणसांना तोंडपाठ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. हर्णैचा तांडेल हे गणित करतो, जयगडचाही करतो. फोन नाही, हाक नाही, तरी दोघांचं उत्तर सहाच. हर्णैच्या सहामुळे जयगडचं सहा आलं का? मुळीच नाही. पण स्वतःचं उत्तर आलं, की दुसऱ्याचं काय आलं असेल हे हर्णैवाल्याला आपोआप कळतं. गणित एकच आहे, फक्त ते दोन डोक्यांत चाललंय.

कोणतं जाळं भरायचं, हाही एक हिशेबच. दोघांची माहिती, गरज आणि हिशेबाची रीत एकच असेल, तर 'मी मोठा, तो बारीक' ही शक्यता उरतच नाही. उरतात दोनच: दोघांना 3 किंवा दोघांना 1. मग मोठा आस लावणंच शहाणपणाचं. अमेरिकी संशोधक-लेखक डग्लस हॉफस्टॅटर यांनी 1983 साली हाच विचार मांडला आणि 20 ओळखीच्यांना पत्रं पाठवून असाच डाव खेळायला लावला. सहकार्य केलं फक्त 6 जणांनी.

इथे टेलिपथी शोधू नका. 'चांगला विचार सोडा, विश्व तेच परत देतं' असं पैसे घेऊन शिकवणाऱ्यांचा या गणिताशी काडीचा संबंध नाही. जयगडवाल्याचा हिशेब वेगळा असेल, तर हर्णैच्या सद्भावनेने त्याच्या जाळ्याचा एक आसही रुंदावणार नाही.

तांडेलने नेमकं तेच विचारलं, "पण त्याचं गणित माझंच कशावरून?" लाखमोलाचा प्रश्न. समोरचा माझ्यासारखंच करेल याची शक्यता 'श' धरा. मोठ्या आसाची सरासरी कमाई 3श. बारीक आसाची श + 5(1 − श), म्हणजे 5 − 4श. पहिली दुसरीहून मोठी व्हायला 'श' 5/7 पेक्षा, म्हणजे सुमारे 71 टक्क्यांपेक्षा जास्त हवा. एकाच संगणक प्रोग्रामच्या दोन प्रतींना एकच माहिती दिली, तर तो 100 टक्के असतो. माणसांत क्वचितच इतका.

सगळ्या तज्ज्ञांना हे पटलेलं नाही. तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिक यांनी 1969 साली न्यूकमचा पेच (तुमची निवड आधीच ओळखणाऱ्याने त्यानुसार पेटीत पैसे ठेवलेत किंवा ठेवलेले नाहीत, आता तुम्ही काय निवडावं?) प्रसिद्ध केला, तेव्हापासून दोन तट आहेत. एक तट म्हणतो, जयगडचं जाळं होडीत चढलंय, तुमच्या निर्णयाने ते बदलत नाही, मग त्यावरून स्वतःचं ठरवता कशाला? मी दुसऱ्या तटात आहे, पण आमच्या बाजूलाही एक गाठ सुटलेली नाही. 'मी बारीक आस निवडला असता तर' असं म्हणताना आम्ही 'हेच गणित वेगळं सुटलं असतं तर' असं म्हणत असतो. आठाची पाऊणपट सात आली असती तर भरती किती वाजता आली असती, या प्रश्नाला अर्थ कसा द्यायचा, यावर अजून काम चालू आहे.