केडलस्टन व कर्झन घराणे

केडलस्टन : इंग्लंडच्या डार्बीशर परगण्यातील एक जुनी इस्टेट व तीवरील अठराव्या शतकातील प्रासाद. डार्बी शहराच्या वायव्येस सुमारे ६ किमी. वर असलेली ही मालमत्ता कर्झन या उमराव घराण्याकडे शतकानुशतके वंशपरंपरेने चालत आली. भारताचा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन (१८५९–१९२५) याचे हे जन्मस्थान होय.

कर्झन घराणे मूळचे नॉर्मंडीतील असून १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर ते इंग्लंडमध्ये आले व बाराव्या शतकात डार्बीशरमध्ये स्थिरावले, असे सामान्यतः मानले जाते. केडलस्टनची जहागीर १२९७ पासून तरी त्यांच्याकडे होती. काही लेखक हा काळ आणखी मागे नेतात. तथापि १२९७ ही मर्यादा अधिक भरवशाची वाटते. ‘कर्झनने जे राखले ते कर्झननेच राखावे’ अशा आशयाचे घराण्याचे ब्रीद आहे. १६४१ मध्ये सर जॉन कर्झन याला बॅरोनेट हा किताब मिळाला आणि १७६१ मध्ये सर नॅथॅनिएल कर्झन (१७२६–१८०४) हा पहिला बॅरन स्कार्सडेल झाला. घराण्याचे राजकारण टोरी पक्षाचे होते. त्याच परगण्यात चॅट्सवर्थ येथे राहणाऱ्या विरोधी व्हिग पक्षाच्या कॅव्हेंडिश घराण्याशी बरोबरी साधण्याची आकांक्षा नव्या प्रासादामागे असावी, हे मत ग्राह्य धरण्यास हरकत नाही.

नॅथॅनिएलकडे १७५८ मध्ये इस्टेट आली, तेव्हा तेथे १७०० च्या सुमारास बांधलेला विटांचा वाडा होता. तो पाडून नवा प्रासाद उभारण्यात आला. मोकळ्या उद्यानासाठी जुने गावही हलवले गेले, हमरस्ता वळवण्यात आला आणि ओढ्याला बांध घालून तळी करण्यात आली. मूळ गावातील सर्व संतांचे चर्च तेवढे जागेवर राहिले. त्याचे बांधकाम मुख्यत्वे तेराव्या शतकातील असले, तरी दक्षिणेकडील नॉर्मन दरवाजा त्याहून जुना आहे.

प्रासादाचा खरा कर्ता कोण, हा वास्तुशास्त्राच्या इतिहासातील वादाचा विषय आहे. काम प्रथम मॅथ्यू ब्रेटिंगम याच्याकडे होते. मधली मुख्य इमारत व तिला वक्राकार मार्गिकांनी जोडलेले चार कोपऱ्यांवरचे चार मंडप, हा त्याचा आराखडा सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुशिल्पी पॅलाडिओ याच्या न बांधल्या गेलेल्या व्हिला मोचेनिगोच्या नकाशावर आधारलेला होता. त्याच्यानंतर जेम्स पेन आला आणि १७६० पर्यंत सर्व सूत्रे रॉबर्ट ॲडम याच्या हाती गेली. इटलीहून नुकत्याच परतलेल्या ॲडमकडे आरंभी फक्त उद्यानातील लहान वास्तूंचे काम होते. प्रासाद सर्रास ॲडमच्या नावावर सांगितला जातो. पण सहा कॉरिंथियन (माथ्यावर पानांची नक्षी असलेल्या) स्तंभांचा उत्तरेचा दर्शनी भाग मुख्यतः पेनच्या कल्पनेप्रमाणे उभा राहिला आहे. पेनने १७८३ मध्ये आपले नकाशे प्रसिद्ध केले, त्यांतही स्तंभांचे दालन व त्यापलीकडे वर्तुळाकार दालन असा क्रम दिसतो. त्यामुळे मांडणीचे श्रेय पेनला आणि तिला आलेल्या रूपाचे श्रेय ॲडमला देणारे मत अधिक सयुक्तिक वाटते.

ॲडमची स्वतंत्र प्रतिभा पाहायची तर दक्षिणेकडे जावे लागते. तेथे त्याने रोममधील कॉन्स्टंटाईनच्या विजयकमानीचे रूप घराच्या भिंतीवर आणले, मागे घुमट ठेवला आणि वर १७६५ हे साल व ‘मित्रांसाठी व स्वतःसाठी’ या अर्थाचा लॅटिन लेख कोरवला. आतील संगमरवरी दालनात स्थानिक अलाबास्टर दगडाचे सुमारे ७·६ मी. उंचीचे वीस स्तंभ आहेत. त्यामागील वर्तुळाकार दालन रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवालयावर बेतलेले असून त्याचा व्यास सुमारे १२·८ मी. व उंची सुमारे १९ मी. आहे. प्रासाद पहिल्यापासूनच पाहुण्यांना दाखवण्यासाठी होता. १७७७ मध्ये तो पाहून इंग्रज साहित्यिक डॉ. सॅम्युएल जॉन्सन याने ही वास्तू नगरभवनास शोभेल असा अभिप्राय दिला. चारपैकी दोनच मंडप पुरे झाले. दक्षिणेकडील दोन कधीच बांधले गेले नाहीत.

ही अपुरी राहिलेली योजना कलकत्त्याच्या गव्हर्न्मेंट हाऊसच्या (नंतरचे राजभवन, १७९९–१८०३) संदर्भात महत्त्वाची ठरते. गव्हर्नर जनरल वेलस्लीसाठी ते कॅप्टन चार्ल्स वायट याने बांधले. केडलस्टनच्या बांधकामावर देखरेख करणारा सॅम्युएल वायट हा त्याचा चुलता. कलकत्त्याची इमारत ही केडलस्टनची नक्कल होय, हे विधान बऱ्याच ग्रंथांत आढळते. पण ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. कलकत्त्यात चारही बाजूंचे मंडप प्रत्यक्ष बांधले गेले, दगडाऐवजी विटांवर चुन्याचा गिलावा आला आणि चहूकडून वारा खेळवणारी ही रचना तेथील हवामानाला अधिक मानवली. म्हणून कलकत्त्यात केडलस्टनच्या उभ्या इमारतीपेक्षा तिचा कागदावरील मूळ नकाशा साकार झाला, असे म्हणणे योग्य ठरेल. वसईच्या तहानंतर (डिसेंबर १८०२) याच वेलस्लीच्या कारकिर्दीत मराठ्यांशी युद्ध झाले, ते ही इमारत पुरी झाली त्याच वर्षी.

लॉर्ड कर्झन म्हणजेच जॉर्ज नॅथॅनिएल कर्झन हा केडलस्टनचा धर्मोपदेशक असलेल्या चौथ्या बॅरन स्कार्सडेलचा थोरला मुलगा. १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय म्हणून तो आपल्या घराशी साम्य असलेल्या त्याच कलकत्त्याच्या वास्तूत राहिला. प्राचीन वास्तूंच्या जतनाचा १९०४ चा कायदा त्याच्याच कारकिर्दीतला. त्याच वर्षीच्या विद्यापीठ कायद्याला गोपाळ कृष्ण गोखले यांनी कायदेमंडळात कसून विरोध केला आणि वंगभंगानंतर १९०५ च्या बनारस काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून कर्झनच्या राजवटीची तुलना औरंगजेबाच्या राजवटीशी केली. वडिलांच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये केडलस्टन त्याच्याकडे आले. पत्नी मेरी हिच्या स्मरणार्थ त्याने चर्चला जोडून एक देवघर बांधवले. त्यात दोघांचे संगमरवरी पुतळे आहेत.

कर्झनने आशियात जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय प्रासादाच्या तळमजल्यावर आहे. मेरी कर्झनने १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी नेसलेला मोरपिसांच्या नक्षीचा पोशाख केडलस्टनमध्येच जतन केलेला आहे. त्याच्या कापडावर दिल्लीच्या कारागिरांनी जरदोजी केली, शिवण पॅरिसला झाली. प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंगेऱ्याच्या पंखाचा हिरवा चकाकता तुकडा बसवलेला असून दुरून तो पाचूसारखा भासतो. पोशाखाचा उल्लेख बहुधा शिवणाऱ्या फ्रेंच पेढीच्या नावाने होतो. खरे तर त्याचे सारे वैभव भारतीय भरतकामात आहे.

कर्झनला मुलगा नसल्याने त्याचा मार्क्विस हा किताब त्याच्याबरोबर संपला; व्हायकाउंट स्कार्सडेल हा किताब व इस्टेट पुतण्याकडे गेली. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराचा तळ होता. १९७७ मध्ये दुसऱ्या व्हायकाउंटच्या मृत्यूनंतर आलेल्या वारसाकराच्या बोजामुळे प्रासाद व उद्यान १९८७ मध्ये ऐतिहासिक वास्तूंचे जतन करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे सोपवण्यात आले. घराण्याने वास्तव्याचा हक्क एका भागापुरता राखून ठेवला. चर्चची व्यवस्था चर्चेस कन्झर्व्हेशन ट्रस्ट ही वेगळी संस्था पाहते.