सातपुड्यातून कॉलेजला जाताना: प्रवेश, जात वैधता, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि धडगाव, मोलगी, तोरणमाळकडची मुलं जूनमध्ये कागद शोधायला निघतात. गुण असतात, कॉलेजात जागाही असते. गाडी अडते ती जातीच्या दाखल्यावर, वैधतेवर (म्हणजे समितीने तो दाखला तपासून दिलेल्या प्रमाणपत्रावर), नाहीतर आधार कार्डावरच्या नावावर. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, हे काम होळीला हातात घ्या. ऊसतोडीला किंवा गुजरातमध्ये मजुरीला गेलेले आईवडील होळीला घरी असतात. सही-अंगठा मिळतो, काका-आजोबांचे जुने कागद कोणाच्या पेटीत आहेत ते विचारता येतं. पुढे जूनमध्ये घरात मोठं माणूस सापडलं, तरी त्याला पेरणी सोडून तहसीलला येणं जमत नाही.

कुठे शिकता येतं

जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात. १५ ऑगस्ट १९९० ला हे विद्यापीठ पुणे विद्यापीठातून वेगळं झालं आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. त्यामुळे बीए, बीएस्सी, बीकॉम तळोद्याला करा, शहाद्याला करा, नंदुरबारच्या ग. तु. पाटील महाविद्यालयात करा की फैजपूरच्या धनाजी नाना महाविद्यालयात, पदवी याच विद्यापीठाची. अमळनेरचं प्रताप आणि जळगावचं मूळजी जेठा ही जुनी, नावाजलेली कॉलेजं. पण नुसत्या नावासाठी घरापासून अख्ख्या दिवसाच्या अंतरावर जाण्याआधी राहण्याची सोय होते का ते पाहा.

नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळे आणि जळगावलाही आहे. वैद्यकीय आणि नर्सिंगची पदवी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं. धुळ्याचं शासकीय कृषी महाविद्यालय राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं आहे. ज्यांना घर सोडणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं आहेत.

प्रवेशाच्या दोन वाटा

पहिली वाट सरळ आहे. बीए, बीकॉमला बारावी पास, बीएस्सीला विज्ञान शाखेतून बारावी पास. सीईटी, म्हणजे वेगळी प्रवेश परीक्षा, नाही. निकालानंतर नोंदणी करायची, कॉलेजची गुणवत्ता यादी पाहायची आणि दिलेल्या मुदतीत मूळ कागद घेऊन जायचं. यादीत नाव लागलं आणि मुदत चुकली तर जागा पुढच्याला जाते. गावात नेटवर्क नसेल तर यादीच्या तारखांना धडगाव, अक्कलकुवा किंवा शहाद्याला कोण थांबणार ते आधी ठरवून ठेवा.

दुसरी वाट सीईटीची. अभियांत्रिकी, बीफार्म आणि कृषीला एमएचटी-सीईटी, वैद्यकीयला ‘नीट’, बीएड, विधी, नर्सिंगला त्यांच्या वेगळ्या परीक्षा. २०२४ पासून बीबीए आणि बीसीएलाही सीईटी लागते. हे अनेकांना निकालानंतर कळतं, तेव्हा फॉर्मची तारीख निघून गेलेली असते. या परीक्षांचे फॉर्म बारावीचं वर्ष चालू असतानाच भरावे लागतात. अभियांत्रिकीला भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा विषय मिळून खुल्या गटाला ४५ टक्के आणि राज्यातल्या मागास प्रवर्गाला ४० टक्के लागतात. पॉलिटेक्निकला दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. नंदुरबारला शासकीय पॉलिटेक्निक आहे, त्याचा विचार दहावीनंतरच करावा.

जात वैधता

२०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात शंभरातली ६९ माणसं अनुसूचित जमातींची होती. राज्यभरच्या व्यावसायिक प्रवेशात मात्र अनुसूचित जमातीला ७ टक्के जागा आहेत आणि त्या जागेवर बसायला नुसता जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर मुलाचा विचार खुल्या गटातून होऊ शकतो. समितीकडे अर्ज केल्याच्या पावतीवर शासन एखाद्या वर्षी मुदत देतं, पण त्या भरवशावर डॉक्टरकीची जागा सोडू नये.

आधी जातीचा दाखला. तो प्रांत कार्यालयातून मिळतो, अर्ज सेतू किंवा आपले सरकार केंद्रावर होतो. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहतं, असा पुरावा मागतात. इथेच पहाडातली माणसं अडतात, कारण आजोबा शाळेत गेलेलेच नसतात. शाळेचा उतारा नाही म्हणजे पुरावाच नाही, असं कोणी म्हटलं तर घरी परत फिरू नका. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्याची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षात मागता येते. त्यात जन्माची तारीख, बापाचं नाव आणि जात, सगळं एका ओळीत असतं. नोंद मोडीत असेल तर अधिकृत मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या. जमिनीचे जुने उतारेही राहण्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

मग वैधता. विज्ञान शाखेच्या मुलाने अकरावीत असतानाच हा अर्ज करावा. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याची प्रत काढायची, सोबत कनिष्ठ महाविद्यालयाचं सही-शिक्क्याचं पत्र, मुलाचा आणि वडिलांचा जातीचा दाखला, दोघांचे शाळेचे उतारे, वंशावळीचं शपथपत्र आणि जुने पुरावे जोडून जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीकडे द्यायचे. नंदुरबारला अशी समिती आहे. पुरावा वडिलांच्या बाजूचा लागतो. लग्न झालेल्या मुलीलाही माहेरचाच, नवऱ्याचा चालत नाही.

वडील, सख्खे काका, आत्या किंवा चुलतभाऊ यांच्यापैकी कोणाकडे वैधता असेल तर तिची प्रत अर्जाला जोडाच, काम बरंच हलकं होतं. होळीला भाऊबंद एकत्र असतात तेव्हा हे विचारून घ्या, कारण चुलत्याच्या घरात वैधता आहे हे पुतण्याला माहीत नसतं असं नेहमी दिसतं. घरात कोणाचीच वैधता नसेल तर समितीचं दक्षता पथक शाळेची आणि घरची चौकशी करतं. चालीरीती, देव, बोली, लग्नाच्या पद्धती विचारतात. त्या वेळी घरात जाणतं माणूस हजर हवं. घरचे लोक शहरात राहून पद्धती विसरले असतील तरी घाबरू नका. नुसत्या या चौकशीवर दावा ठरत नाही, जुन्या कागदपत्रांचं वजन मोठं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

सीमेवरच्या गावांसाठी एक मुद्दा. पानसेमल, खेतिया, सेंधव्याकडचं कुटुंब अलीकडे शहादा-शिरपूरला येऊन राहिलं असेल, तर मध्य प्रदेशातल्या जमातीच्या दाखल्यावर महाराष्ट्राच्या राखीव जागेत प्रवेश मिळत नाही. जमात तीच असली तरी नाही. अशा मुलांनी केंद्राच्या कोट्यातल्या जागा आणि मूळ राज्याची शिष्यवृत्ती यांची चौकशी करावी.

नाव एकच ठेवा

शाळेच्या दाखल्यावर ‘रतन जोमा पावरा’, आधारवर ‘रतनसिंग जोमासिंग पावरा’ आणि बँकेत ‘रतन्या जोम्या पावरा’. माणूस एकच, संगणकाच्या लेखी तिघे. शिष्यवृत्तीचा अर्ज यावरच अडकतो. दहावीचं गुणपत्रक प्रमाण धरा आणि आधार व बँक त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, तो सोपा रस्ता. उलटं करायला जाल तर वर्ष जाईल. शाळेच्याच नोंदीत चूक असेल, तर मुलगा शाळेत शिकत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्ती होते. दाखला हातात पडल्यावर ती फार अवघड. सातवी-आठवीतल्या मुलांचे पालक हे वाचत असतील तर त्यांनी उद्याच शाळेत जाऊन नोंद पाहून यावी.

उत्पन्नाचा दाखला आणि शिष्यवृत्ती

होळीला सगळं करा म्हटलं, पण उत्पन्नाचा दाखला तेवढा करू नका. तो ३१ मार्चला संपतो. १ एप्रिलनंतर तलाठी आप्पांचा अहवाल घेऊन तहसीलदारांचा नवीन दाखला काढा.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जमातीच्या मुलांना मिळते, घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिपमध्ये शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होतं. दोन्हींचा अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षाचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, प्रवेशाची पावती, आणि मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र. अर्ज भरला म्हणजे काम झालं असं समजू नका. आधी कॉलेजचा लिपिक तो तपासून पुढे पाठवतो, मग आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय मंजूर करतं. त्रुटी निघाली तर अर्ज परत तुमच्याच खात्यात येऊन पडतो आणि मोबाईलवर संदेश आला नाही तर कळतही नाही. दर पंधरवड्याला लॉगिन करून पाहा. मोबाईल नंबर सायबर कॅफेवाल्याचा देऊ नका, ओटीपी घरच्याच फोनवर यायला हवा.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. दोन-तीन बँकांत खाती असतील तर शेवटी ज्या बँकेत आधार जोडलं तिथे जातात. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग झालंय का’ असं स्पष्ट शब्दांत विचारा. आणि हा अर्ज दरवर्षी करायचा असतो, एकदा मंजूर झाला म्हणून पुढच्या वर्षी आपोआप पैसे येत नाहीत.

पहाडाच्या पायथ्याशी ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि आर्थिक दुर्बल गटातल्याही पुष्कळ मुली शिकतात. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झाला असेल, तर २०२४-२५ पासून त्यांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कॉलेजातच थेट घेतलेल्या व्यवस्थापन कोट्याला हे लागू नाही.

वसतिगृह आणि स्वयम्

आदिवासी विकास विभागाची मुलामुलींची शासकीय वसतिगृहं तिन्ही जिल्ह्यांत आहेत. नंदुरबार, नवापूर, शहाद्याचं काम नंदुरबार प्रकल्प कार्यालय पाहतं. तळोदा, अक्कलकुवा, धडगावसाठी तळोदा प्रकल्प, आणि धुळे व जळगाव जिल्ह्यांसाठी अनुक्रमे धुळे आणि यावल प्रकल्प. अर्ज ऑनलाइन, निवड गुणांवर. जागा थोड्या आणि अर्ज जास्त, म्हणून कॉलेजात प्रवेश मिळाला की त्याच आठवड्यात वसतिगृहाचा अर्ज टाका.

वसतिगृहात नंबर लागला नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. जेवण, खोली आणि शिक्षणाचा खर्च म्हणून रक्कम थेट खात्यात येते. नंदुरबार, धुळे, जळगावसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये, तालुक्याच्या ठिकाणी ३८,००० रुपये. उत्पन्नाची मर्यादा इथेही अडीच लाख. मुलगा कॉलेज असलेल्या गावाचाच रहिवासी नसावा, आणि एकाच वेळी वसतिगृह व स्वयम् दोन्ही घेता येत नाहीत. हजेरी पाहिली जाते. रक्कम हप्त्यांनी येते आणि पहिला हप्ता येईपर्यंत खोलीचं भाडं आणि खानावळ आपल्यालाच भागवावी लागते, तेवढी तजवीज घरून करून पाठवा. खोलीचा भाडेकरार किंवा घरमालकाचं पत्र सांभाळून ठेवा, तपासणीत ते मागतात.

प्रवेशाच्या दिवशी

दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा मूळ दाखला, जातीचा दाखला, असेल तर वैधता, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक पासबुक, फोटो. सीईटीच्या प्रवेशाला अधिवास प्रमाणपत्रही लागतं. मूळ दाखला कॉलेज ठेवून घेतं, म्हणून त्याच्या पाच-सहा साक्षांकित प्रती आधीच काढा. दुसऱ्या बोर्डातून, म्हणजे गुजरात किंवा मध्य प्रदेशातून बारावी केली असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि विद्यापीठाचा पात्रता अर्ज भरावा लागतो. तो राहिला तर परीक्षेचा निकाल अडकू शकतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट्सच्या खात्याचा क्रमांक, हाही काढायला सांगतात, तो डिजिलॉकरवरून मिळतो. पूर्ण केलेल्या विषयांची क्रेडिट्स, म्हणजे श्रेयांक, त्यात जमा होतात. घरच्या अडचणीने एका वर्षानंतर कॉलेज सुटलं, तर ठरलेली क्रेडिट्स पूर्ण करणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनी पदविका, आणि पुन्हा येऊन राहिलेलं शिक्षण पुढे चालू करता येतं. सोडताना कॉलेजच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन जा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या.