सापडलेला दगड कापण्याजोगा आहे का?

गरुडेश्वर-नारेश्वरला दर्शनाला गेलेली मंडळी येताना नर्मदेतले गोटे पिशवीत घालून आणतात आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या खडे कापण्याच्या दुकानात काउंटरवर ओततात. “यातला एखादा अंगठीत बसेल का हो?” हा प्रश्न ठरलेला. त्याचं निम्मं उत्तर घरीच मिळू शकतं.

आधी कठीणपणा बघा. पोलादी चाकूचं टोक दाबून दगडावर ओढा. रेघ उठली तर ओल्या बोटाने पुसा. पुसली गेली तर ती पात्याच्या झिजलेल्या धातूची होती, म्हणजे दगड चाकूहून कठीण. खाच राहिली तर दगड मऊ. अकीक, जास्पर, गारगोटी ही सगळी क्वार्ट्झची भावंडं, कठीणपणाच्या मोह्स मापावर (सगळ्यात मऊ 1, हिरा 10) 7 च्या आसपास. यांच्यावर आरशासारखं पॉलिश चढतं. कॅल्साइट 3, छोटा उदेपूरकडच्या आंबाडुंगरचा फ्लोराइट 4. फ्लोराइटचा जांभळा रंग कितीही मोहक असो, अंगठीत तो बसवू नका: रोजच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, ते त्याची झिलई उतरवतात. गळ्यातल्या लोलकाला चालेल.

मग भेगा. आमचा सगळ्यात जास्त भरवसा याच परीक्षेवर आहे. दगड रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी काढून सावलीत सुकू द्या. वरचा भाग आधी सुकतो, भेगेतलं पाणी मागे राहतं आणि तिथे गडद रेघ दिसते. अशी रेघ आरपार गेली असेल तर दगड चाकावर फुटणारच. भिजलेला असतानाच टॉर्चही लावून बघा. कडेला उजेड झिरपला, आत पट्टे दिसले, तर बहुधा अकीक. लाव्हारसातल्या वायूच्या पोकळ्यांत सिलिका साचून तो बनतो. झगडियाजवळच्या रतनपूरचा अकीक प्रसिद्धच आहे.

निळा-हिरवा, काचेसारखा चकचकीत तुकडा कारखान्यांच्या आसपास मिळाला असेल, तर आनंद जरा आवरा. भिंगातून गोल बुडबुडे दिसले तर ती भट्टीतली धातुमळी किंवा साधी काच. कापता येते, पण रत्न म्हणून विकू नका.

अकीक लाल करायला गॅसवर भाजू नका. खंभातचे कारागीर दगड आधी कित्येक महिने उन्हात सुकवतात, मग मडक्यांत घालून मंद आचेवर भाजतात. त्यातलं पिवळट लोह तांबडं होतं ते त्या सबुरीने. घाईत तापवलेला दगड तडकतो. घरी ग्राइंडरवर कोरडं घासणं तर मुळीच नको. या दगडांच्या बारीक धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो. आम्ही सगळं काम पाण्याखालीच करतो.

चांपानेर-पावागडच्या संरक्षित परिसरातून किंवा रैयोलीच्या डायनोसॉर-उद्यानातून उचललेलं काहीही आम्ही हातात घेत नाही.

पैशांचं स्पष्ट सांगतो: घासण्यात दगडाचा निम्म्याहून अधिक भाग बरेचदा जातो आणि मजुरी बहुतेक वेळा खड्याच्या बाजारभावापेक्षा जास्त होते. आठवणीसाठी करून घेत असाल तर जरूर करा. दगडासोबत तो कुठे मिळाला याची चिठ्ठी ठेवा, आणि तेल लावून आणू नका, भेगा झाकल्या जातात. बाणलिंग, म्हणजे शिवलिंग म्हणून पुजला जाणारा नर्मदेतला गोटा, असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारूनच या. कापण्याआधी आम्ही तुमची सही घेतो.