फूटीतले आदिवासी खेळाडू: शोध आधी, सांभाळ नंतर

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या (बोलीत ‘फूटी’च्या) राष्ट्रीय लीगमध्ये, म्हणजे एएफएलमध्ये, २०२० साली ८७ आदिवासी खेळाडू करारावर होते. देशाच्या लोकसंख्येत आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीतले बेटवासी मिळून चार टक्केही भरत नाहीत. लीगमध्ये मात्र त्यांचा वाटा दहा टक्क्यांच्या वर होता. पुढे हा आकडा घसरत गेला आणि २०२५ च्या हंगामात साठीच्या घरात आला. या मुलांमधलं कसब आटलं, असं तिथे कोणी जाणकार म्हणत नाही. प्रश्न विचारला जातोय तो क्लबांना. या मुलांना शोधणं तुम्हाला शंभर वर्षांपासून जमतंय, मग सांभाळणं का जमत नाही?

खेळाची थोडी ओळख आधी करून घेऊ. ‘फूटी’ क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर चालते. एका बाजूला १८ खेळाडू, चेंडूही लंबगोल. चेंडू पायाने मारायचा किंवा मुठीने ठोसून जोडीदाराकडे द्यायचा. हाताने फेकला तर नियमभंग. पहिले नियम १८५९ मध्ये मेलबर्नला लिहिले गेले. ते लिहिणाऱ्यांपैकी टॉम विल्सचं बालपण पश्चिम व्हिक्टोरियात जाबवुरुंग लोकांच्या शेजारात गेलं होतं. त्यामुळे ‘मार्नग्रूक’ या आदिवासी चेंडूखेळाचा फूटीवर प्रभाव आहे का, यावर इतिहासकार आजही भांडतात. लेखी पुरावा तोकडा आहे, भावना मात्र खोल आहेत. त्या वादात इथे शिरायला नको.

भरतीच्या दृष्टीने भूगोल जास्त महत्त्वाचा. आजच्या १८ क्लबांपैकी दहा एकट्या व्हिक्टोरिया राज्यात आहेत, त्यातले नऊ मेलबर्नमध्ये. आदिवासी खेळाडू मोठ्या संख्येने येतात ते पश्चिम ऑस्ट्रेलियातून आणि उत्तरेच्या नॉर्दर्न टेरिटरीतून. पर्थ ते मेलबर्न विमानाने सुमारे २,७०० किलोमीटर, डार्विन ते मेलबर्न तीन हजारांच्या वर. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला उचलायचं आणि इतक्या लांब, थंड, गोऱ्यांच्या शहरात नेऊन ठेवायचं, ही भरतीची पद्धत. या एका गोष्टीतून बरंच काही पुढे घडलं.

एएफएलची पूर्वज व्हीएफएल (व्हिक्टोरियन फुटबॉल लीग) १८९७ मध्ये सुरू झाली. तिच्यात खेळलेला पहिला आदिवासी खेळाडू म्हणून जो जॉन्सनचं नाव घेतात. तो १९०४ मध्ये फिट्झरॉयकडून उतरला आणि त्या वर्षी व पुढच्या वर्षी विजेतेपदाच्या संघात होता. पण सुरुवातीच्या काळाची खरी कहाणी डग निकोल्सची आहे. जन्म १९०६, मरे नदीकाठच्या कमरागंजा वस्तीत. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, वेग अफाट. १९२७ मध्ये तो कार्लटन क्लबात नशीब अजमावायला गेला. त्याच्या अंगाला वास येतो अशी कुरकूर झाली, मालिश करणाऱ्यांनी त्याला हात लावायला नकार दिला आणि तो परत फिरला. पुण्यात वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळणाऱ्या दलित क्रिकेटपटू पाळवणकर बाळूंची गोष्ट ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

निकोल्स मग नॉर्थकोटकडून दुय्यम लीगमध्ये खेळला, गाजला आणि १९३२ मध्ये फिट्झरॉयने त्याला बोलावलं. तिथेही पहिल्या दिवशी तो कपडे बदलण्याच्या खोलीत एकटाच एका कोपऱ्यात बसला. तेव्हा संघाचा सर्वांत मोठा तारा, हेडन बंटन, उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला. पुढे निकोल्स व्हिक्टोरिया राज्याकडून खेळला, धर्मोपदेशक झाला, हक्कांच्या चळवळीत उतरला, १९७२ मध्ये ‘सर’ झाला आणि १९७६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाचा राज्यपाल. आज लीगमधल्या वार्षिक आदिवासी सामन्यांच्या फेरीला त्याचंच नाव आहे. बंटनचं ते उठून शेजारी बसणं मोठंच होतं. पण खेळाडूचं टिकणं त्या काळी अशा एखाद्या भल्या माणसावर अवलंबून होतं, आणि क्लबाची म्हणून काही व्यवस्था असावी हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. पुढची पन्नास-साठ वर्षं हे असंच चाललं.

दुसऱ्या महायुद्धानंतर जे खेळाडू पुढे आले, त्यांच्यातल्या काहींची घरं सरकारनेच आधी मोडलेली होती. मिश्र वंशाची मुलं आईबापांपासून तोडून मिशन आणि अनाथगृहांत ठेवायची, हे तेव्हाचं धोरण. ‘पॉली’ फार्मर पर्थच्या सिस्टर केट्स या बालगृहात वाढला, तर सिड जॅक्सन मिशनमध्ये. फार्मरने खेळच बदलून टाकला. तोवर मुठीने चेंडू देणं हा अडचणीतून सुटायचा उपाय होता, त्याने त्याचं आक्रमणाचं हत्यार केलं. कारच्या उघड्या खिडकीतून चेंडू आरपार ठोसून तो सराव करायचा, असं सांगतात. १९६२ मध्ये जिलाँगने त्याला पर्थहून आणलं आणि १९६३ मध्ये जिलाँग विजेता ठरला. १९७३ ते १९७५ तो त्याच क्लबाचा प्रशिक्षकही होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर आजवर एकाही क्लबाने कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षक म्हणून आदिवासी माणूस नेमलेला नाही. मैदानावर एके काळी दहा टक्के आणि त्या खुर्चीत शून्य.

उत्तरेची वाट वेगळी. डार्विनजवळच्या तिवी बेटांवर फूटीचं वेड असं आहे की मार्चमधल्या अंतिम सामन्याला बाहेरून माणसं लोटतात. डार्विनमध्ये काम करणाऱ्या तिवी लोकांना खेळता यावं म्हणून १९५२ मध्ये सेंट मेरीज क्लब निघाला. तिथला हंगाम पावसाळ्यात, ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे दक्षिणेत मैदानं रिकामी असतात तेव्हा. याच वाटेने रिओली आणि लाँग ही घराणी वर आली. ग्रँड फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला नॉर्म स्मिथ पदक मिळतं. मॉरिस रिओलीने ते १९८२ मध्ये पटकावलं, तेही हरलेल्या रिचमंडकडून. १९९३ मध्ये एसेंडनच्या मायकल लाँगने आणि २०१५ मध्ये हॉथॉर्नच्या सिरिल रिओलीने. लाँग हा सिरिलचा सख्खा मामा. १९८२ मध्येच पश्चिमेकडून जिम आणि फिल क्रॅकोअर हे भाऊ नॉर्थ मेलबर्नला आले. एकमेकांकडे न बघता चेंडू द्यायची त्यांची रीत पाहायला प्रतिस्पर्धी संघांचे लोकही येत. त्यांना प्रेक्षकांतून आणि मैदानातून काय काय ऐकावं लागे, याची मात्र कोणी दखल घेत नव्हतं. शिव्या हा खेळाचाच भाग, असं सगळे धरून चालत.

ते धरून चालणं मोडलं १७ एप्रिल १९९३ ला. मेलबर्नच्या व्हिक्टोरिया पार्कवर सेंट किल्डाने यजमान कॉलिंगवूडला हरवलं. दिवसभर वंशवाचक शिव्या खाल्लेल्या निकी विनमारने त्यांच्या प्रेक्षकांकडे तोंड करून जर्सी वर केली आणि पोटाच्या उघड्या कातडीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी ते छायाचित्र वर्तमानपत्रांत होतं. त्यानंतर कॉलिंगवूडचे अध्यक्ष टीव्हीवर म्हणाले की आदिवासी गोऱ्यांसारखे वागले तर सगळे त्यांचं कौतुक करतील. सारवासारव करताना त्यांचा पाय आणखी खोलात गेला. १९९४ मध्ये डार्विनला आदिवासी खेळाडूंच्या निवडक संघाशी कॉलिंगवूडचा सामना ठेवला गेला आणि कॉलिंगवूड हरलं.

नियम मात्र आणखी एका खेळाडूच्या हट्टामुळे झाला. १९९५ च्या अँझॅक डेच्या, म्हणजे युद्धातल्या सैनिकांच्या स्मरणदिनाच्या, सामन्यात कॉलिंगवूडच्या खेळाडूने वंशवाचक शिवी दिली, तेव्हा मायकल लाँगने ती मैदानावर सोडून दिली नाही, तक्रार केली. लीगने दोघांना समोरासमोर बसवून समेट केल्याचं जाहीर केलं. पत्रकार परिषदेतला लाँगचा चेहरा सांगत होता की हा समेट त्याला मान्य नाही. तो मागे हटला नाही, इतर आदिवासी खेळाडू बोलू लागले आणि त्याच हंगामात वंश व धर्मावरून अपमान करण्याला बंदी घालणारा नियम लीगने आणला. लाँगचे आईवडील दोघेही लहानपणी घरातून तोडून नेलेली मुलं होती. २००४ मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांना भेटायला तो मेलबर्नहून कॅनबराकडे पायी निघाला, तेव्हा त्यामागे हेही होतं.

नियमाने खेळाडू-खेळाडूंमधल्या शिव्या बऱ्याच थांबल्या. भरती वाढली. १९८६ पासून ड्राफ्ट (क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायची पद्धत) आला होता, १९९० मध्ये लीग नावानेही राष्ट्रीय झाली, पर्थ आणि ॲडलेडला स्वतःचे क्लब मिळाले. प्रशिक्षक केव्हिन शीडीच्या एसेंडनने आदिवासी खेळाडू भराभर घेतले आणि त्याचं फळही पाहिलं. पण एक अडचण नियमांच्या पुस्तकात बसणारी नव्हती. मुलं घरी परत जात होती.

क्लब याला ‘घरची ओढ’ म्हणत आणि ड्राफ्टच्या टेबलावर ती खेळाडूच्या वजाबाकीत धरत. समाजात कोणी गेलं की दिवसांमागून दिवस चालणारा दुखवटा असतो, त्याला तिथे ‘सॉरी बिझनेस’ म्हणतात. त्यासाठी खेळाडूने हजारो किलोमीटरवर जाणं त्याच्या घरच्यांना गृहीत असतं. क्लबाच्या वहीत मात्र ती सरावाला दांडी. गेलेला माणूस चुलत आजोबा किंवा आईचा मावसभाऊ असला तर प्रशिक्षक विचारणार, इतक्या लांबच्या नात्यासाठी आठवडाभर? मराठी माणसाला बाराव्या-तेराव्याला गावी जायची रजा मागताना साहेबाचा चेहरा कसा होतो हे ठाऊक आहे, तोच चेहरा. लिअम जुराहचं उदाहरण नेहमी दिलं जातं. ॲलिस स्प्रिंग्जच्याही पुढे, वाळवंटातल्या युएंडुमूचा हा वार्लपिरी तरुण. इंग्रजी त्याची मातृभाषा नाही. २००९ मध्ये मेलबर्न क्लबाकडून उतरला, २०१० मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम झेलाचा मान मिळवला आणि २०१२ मध्ये मेलबर्न क्लब त्याच्याकडून सुटला. त्याला उभं करायला माणसं होती, मनापासून झटणारी होती. एका क्लबाच्या आवाक्याबाहेरचं अंतर होतं ते.

जी व्यवस्था उभी राहिली ती बरीचशी क्लबांच्या बाहेर. २००० मध्ये पर्थला जेरार्ड नीशम यांनी क्लोंटार्फ फाउंडेशन सुरू केलं. हे आधी फ्रीमँटल क्लबाचे पहिले प्रशिक्षक होते. पहिल्या वर्षी २५ मुलं, आज शंभराहून जास्त शाळांत काम. तत्त्व सरळ: फूटी हवी तर शाळेत हजर राहा. मुलींसाठी तितकं काही नाही अशी टीका यावर झाली, ती रास्तच आहे. ॲडम गूड्स आणि मायकल ओलॉफलिन या खेळाडूंनी २००९ मध्ये शिष्यवृत्त्यांसाठी गो फाउंडेशन काढलं. रिचमंडने २०११ मध्ये आपल्या मैदानावरच आदिवासी तरुणांसाठी कोरिन गामाजी इन्स्टिट्यूट उघडली. क्लबांत आदिवासी खेळाडूंकडे बघणारे अधिकारी नेमले जाऊ लागले: घर बघून देणं, नातेवाइकांची ये-जा, दुखवट्याची रजा, पैशांचे हिशेब. हे काम करणारा माणूस स्वतः आदिवासी असेल आणि प्रशिक्षकासमोर त्याच्या शब्दाला वजन असेल तरच उपयोग होतो, असं खेळाडू वारंवार सांगत आले आहेत.

आणि मग गूड्स प्रकरण झालं. सिडनी स्वान्सचा हा खेळाडू, लीगचा सर्वोच्च ब्राउनलो सन्मान दोनदा मिळवलेला. २०१३ मध्ये प्रेक्षकांतल्या एका १३ वर्षांच्या मुलीने त्याला ‘एप’, म्हणजे वानर, म्हटलं. त्याने तिच्याकडे बोट दाखवलं, पण तिला दोष देऊ नका, असंही सांगितलं. २०१४ मध्ये तो ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ झाला, देशाच्या इतिहासाबद्दल बोलू लागला, आणि २०१५ मध्ये चेंडू हाती येताच मैदानंच्या मैदानं त्याच्या नावाने हुर्यो करू लागली. लीग बराच काळ गप्प राहिली. त्याच वर्षाअखेर, ३७२ सामन्यांनंतर, तो मिरवणूक वगैरे काही न स्वीकारता निवृत्त झाला. एएफएलने आणि सगळ्या क्लबांनी माफी मागितली ती २०१९ मध्ये. २०२१ मध्ये हॉल ऑफ फेमचा सन्मान गूड्सने नाकारला. मला तरी ते अगदी योग्य वाटतं.

शिवी देणारा एकटा प्रेक्षक दाखवता येतो, त्याला बाहेर काढता येतं. पुढच्या अहवालांनी बोट ठेवलं ते क्लबांच्या कारभारावर. फेब्रुवारी २०२१ मध्ये लॅरिसा बेरंट आणि लिंडन कूम्स यांचा कॉलिंगवूडवरचा अहवाल फुटला. क्लबात वंशद्वेष व्यवस्थेतच मुरलेला आहे असं त्यात म्हटलं होतं. अध्यक्ष एडी मॅग्वायर यांनी तो दिवस क्लबासाठी अभिमानाचा असल्याचं म्हटलं आणि आठवडा-दीड आठवड्यात पद सोडलं. २०२२ मध्ये हॉथॉर्नच्या माजी आदिवासी खेळाडूंनी आणि त्यांच्या जोडीदारांनी आरोप केले की क्लबाने त्यांच्या घरगुती आयुष्यात ढवळाढवळ केली. संबंधित प्रशिक्षकांनी ते नाकारले. लीगची चौकशी २०२३ मध्ये कोणावरही ठपका न ठेवता संपली. काहीही धरलं तरी एक परिणाम उघड होता. डार्विनमधली किंवा पर्थमधली आई आता मुलाला पाठवण्याआधी क्लबाचं नाव विचारू लागली.

घसरणीचं दुसरं कारण अगदी कोरडं आहे, म्हणून त्याच्याकडे कमी लक्ष जातं. २०१६ मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन अकादमी’ आल्या. प्रत्येक क्लबाला एक प्रदेश नेमून दिला. तिथल्या आदिवासी आणि स्थलांतरितांच्या मुलांना घडवा, ड्राफ्टमध्ये त्यांच्यावर तुमचा पहिला हक्क. वेस्टर्न बुलडॉग्जने असा घडवलेला जमारा उगल-हेगन २०२० च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. बाकीचे क्लब कुरकुरले आणि लीगने हक्क कापला: २०२१ मध्ये पहिल्या वीस निवडींत तो लागू नाही, २०२२ पासून पहिल्या चाळिसात नाही. म्हणजे मुलगा जितका चांगला घडवाल, तितका तो दुसऱ्याच्या हाती जाण्याची शक्यता जास्त. त्यातच करोनाच्या वर्षी क्लबांच्या फुटबॉल विभागाची खर्चमर्यादा मोठ्या प्रमाणात छाटली गेली आणि माणसं कमी झाली. दूरच्या वस्त्यांत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी वर्षानुवर्षं फेऱ्या मारणारा माणूस ठेवायचा कोणी आणि कशासाठी?

२०२४ पासून हे निर्बंध सैल झाले आणि अकादमींना आपल्या खेळाडूंवरचा हक्क पुन्हा मिळाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पर्थला आदिवासी निवडक संघाचा सामना पुन्हा भरला आणि त्यांनी फ्रीमँटलला हरवलं. पण अकादमीत मुलगा येतो तेराव्या-चौदाव्या वर्षी आणि ड्राफ्टला उभा राहतो अठराव्या. जी मुलं मधल्या वर्षांत कोणी बघितलीच नाहीत, त्यांच्या जागा त्यामुळे लगेच भरणार नाहीत. घसरलेला आकडा आणखी दोन-तीन हंगाम तरी खालीच दिसत राहील.